शून्य अंतराची मंडळी

आमच्या भावजींना सकाळी चहा दिला की मी विचारते, "साखर बरोबर आहे ना?" भावजी एक घोट घेतात, तो तोंडात जरा घोळवतात आणि म्हणतात, "एका घोटावरून सांगता येत नाही, वहिनी." कप रिकामा झाल्यावर विचारलं तर म्हणतात, "आजच्या एका कपावरून सांगता येत नाही." मी या घरात नवी होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. नंतर वाटलं, चहा आवडत नसेल, पण भिडस्त आहे. पुढे कळलं की ही त्यांची नोकरीच आहे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पाण्याची तपासणी करणारी एक मोठी संशोधन संस्था आहे, तिथे ते आकड्यांचे प्रोग्रॅम लिहितात. तिथे कुणी विहिरींचं पाणी तपासतं, कुणी नदीचं, कुणी नळाचं, कुणी गाळातले किडे मोजतं. ते सगळे आपापले आकडे आणून भावजींच्या टेबलावर ओततात आणि विचारतात, यातून काय निघतं? मग भावजी कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसतात आणि बहुतेक वेळा सांगतात की इतक्या आकड्यांवरून काही सांगता येत नाही. त्यामुळे संस्थेत त्यांचं नावच 'सांगता येत नाही' असं पडलं आहे. कुणी फोन करून विचारतं, "सांगता येत नाही आलेत का आज?" आणि फोनवाल्या बाई म्हणतात, "आलेत."

त्यांचा एकच राग आहे आणि तो रिकाम्या चौकोनात शून्य लिहिणाऱ्यांवर आहे. पाणी तपासलं आणि त्यात शिसं निघालं नाही, तर शून्य लिहावं. पण पाणी तपासलंच नाही, तर चौकोन रिकामा सोडावा. आळशी माणसं दोन्हीकडे शून्य लिहून मोकळी होतात. भावजी एरवी मुंगीलाही वाट करून देतील, पण असं शून्य दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा तर ताटावरून उठले होते. आमचे हे म्हणाले, "अरे, शून्याने काय घोडं मारलंय तुझं?" भावजी म्हणाले, "दादा, माहीत नसणं आणि नसणं यात फरक आहे." आमचे हे बँकेत आहेत, त्यांना हा फरक पटला नाही.

या स्वभावापायी लग्नाचंही फिसकटलं. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीशी मीच गाठ घालून दिली होती. दोघं बागेत तासभर फिरली. मुलगी धीट होती, तिने सरळ विचारलं, "मी आवडले का तुम्हाला?" भावजी प्रामाणिक माणूस, म्हणाले, "एका भेटीवरून सांगता येत नाही." तिने मला निरोप पाठवला की नमुना म्हणून तपासून घ्यायला आपल्याला सवड नाही. मी कानाला खडा लावला आणि परत त्या फंदात पडले नाही.

मी घरी शिवणकाम करते. कोटाच्या बाह्या कमी कर, कंबर सैल कर, अस्तर बदल, असली कामं. संस्थेच्या फोनवाल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, त्यामुळे भावजी जे सांगत नाहीत ते मला टाचण्या लावता लावता कळतं. पुढची हकिगत मी अर्धी भावजींकडून आणि अर्धी बाईंकडून ऐकलेली आहे. बाईंची अर्धी जास्त मोठी आहे.

झालं असं की संस्थेच्या दोन इमारतींपैकी एक सोडायची ठरली. सगळ्यांना एकाच इमारतीत कोंबायचं. कुणाची खोली कुणाबरोबर, यावरून जे भांडण पेटलं ते मिटेना. मोठे साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. त्यांना दोन गोष्टी प्रिय: भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची चित्रं, आणि कुणालाही दुखवल्याचा आळ स्वतःवर न येणं. त्यांनी जाहीर केलं की खोल्या शास्त्राने वाटल्या जातील. कोण कुणाबरोबर काम करतं ते पाहून कॉम्प्युटरच गट पाडेल. हे काम आलं भावजींकडे.

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "म्हणजे नक्की करायचं काय?" आमचे हे, मी, सासूबाई आणि त्यांच्या पायाशी मांजर, असे सगळे होतो. भावजी खुलले. घरी त्यांना कामाबद्दल कुणी काही विचारत नाही.

"समजा," ते म्हणाले, "दादा मोबाइलवर तीन ग्रुपमध्ये आहे. घर, भावंडं आणि इमारत. तुम्हीही तीन ग्रुपमध्ये आहात. घर, इमारत आणि शिवणकाम. दोघांचे मिळून वेगवेगळे ग्रुप किती?"

"चार."

"त्यातले दोघांचे सामाईक?"

"दोन."

"चारात दोन. म्हणजे अर्धं जुळलं, अर्धं राहिलं. तुमच्यात आणि दादात अंतर अर्धं."

आमचे हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "कमीच सांगतोयस."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. भावजी पुढे सांगू लागले. असंच प्रत्येक माणसाचं प्रत्येक माणसाशी अंतर काढायचं. कोण कुठल्या कुठल्या पथकात आहे ते पाहायचं. सगळ्यात जवळची दोन माणसं आधी एकत्र बांधायची, मग त्यांच्या जवळचं तिसरं, मग दुसरीकडची दोन, असं बांधत बांधत वर जायचं. शेवटी सगळी संस्था एका खोडाला लटकते. झाड तयार होतं. मग ठरावीक उंचीवर करवत फिरवायची. जे तुकडे पडतील ते गट.

कापाकापीतलं मला कळतं. मी म्हटलं, "पण एकच माणूस तीन पथकांत असेल तर? विहिरीवाले तर नदीतही आहेत म्हणता."

"तरी त्याला एकाच फांदीवर बसावं लागतं."

"आणि बाकी दोन ठिकाणी तो आहे त्याचं काय?"

"ते झाडाला दाखवता येत नाही," भावजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. "मी साहेबांना सांगितलं होतं. एकमेकांत गुंतलेले संच झाडावर टांगले की काहीतरी फाटतंच. पण त्यांना झाडच हवंय. पडद्यावर छान दिसतं."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आणि मी कुठे रे?"

"आई, तुझ्याकडे मोबाइल नाही. तू कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीस."

मला गंमत सुचली. "मांजरही नाही. मग आई आणि मांजर, यांच्यात अंतर किती?"

भावजींनी घास खाली ठेवला. "सामाईक शून्य, एकूणही शून्य. शून्याला शून्याने भागायचं. कुणी म्हणेल, दोघांत वेगळं काहीच नाही, म्हणून अंतर शून्य. कुणी म्हणेल, सारखं काहीच नाही, म्हणून अंतर पूर्ण एक. दोन्ही आपल्या मनाचं. खरं पाहिलं तर..."

"सांगता येत नाही," आम्ही नवरा-बायको एकदम म्हणालो.

सासूबाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या दिवशी मांजराच्या वाटीत दूध पडलं नाही.

साहेबांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली आणि संस्थेची पाचावर धारण बसली. झाडावर ज्याला फांदी मिळणार नाही, जो एकटाच लोंबकळत राहील, त्याची संस्थेत गरज काय याचा विचार केला जाईल. विचार केला जाईल म्हणजे काय होईल, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आठवडाभरात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी एकमेकांची नावं एकमेकांच्या पथकांत घुसवली. विहिरीवाले गाळात गेले, गाळवाले नळात शिरले, आणि ज्या दोघांचं गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलणं नव्हतं तेही तीन-तीन पथकांत मांडीला मांडी लावून बसले. कागदावर संस्था कधी नव्हे इतकी गुण्यागोविंदाने नांदू लागली.

भावजींचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्यांचे आकडे त्यांच्या हातून जायचे, पण प्रत्येकाला वाटायचं, ते दुसऱ्याच कुणाच्या पथकात असतील. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो भावजी, आता तरी लिहून टाका कुठेतरी. सगळे लिहितायत."

"आकडे माझ्या हातात आहेत, वहिनी. मीच माझं नाव घुसडलं तर मग काय राहिलं?"

मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी साखरेचं विचारलंच नाही.

ठरलेल्या दिवशी साहेबांनी तगादा लावला. भावजींनी प्रोग्रॅम चालवला, चित्र साहेबांना पाठवलं आणि मग ते नीट पाहिलं. आधी पाठवून मग पाहणं हे त्यांनी आयुष्यात एवढं एकदाच केलं. जो तो इतक्या निरनिराळ्या पथकांत शिरला होता की चित्रात वर शास्त्रज्ञांच्या फांद्या एकमेकींपासून बऱ्याच लांब पसरल्या होत्या, आणि अगदी तळाशी सहा नावं एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांच्यात अंतर शून्य. फोनवाल्या बाई. तडकलेली काचेची भांडी दुरुस्त करणारे काका. ग्रंथालयवाले. यंत्रांचा मिस्त्री. भाषांतर करणारी मुलगी. आणि सहावं नाव भावजींचं.

या सहा जणांत एकच गोष्ट सारखी होती. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव कुठल्याही पथकात नव्हतं.

भावजींनी प्रोग्रॅमच्या ओळी उघडून पाहिल्या. प्रोग्रॅम त्यांचाच होता, नोकरीत नवे असताना लिहिलेला. कुठल्या पाण्यात कोणकोणते जीव सापडतात ते पाहून पाण्याचे गट पाडायला तो वापरायचे. शून्याला शून्याने भागायची वेळ आली तर कॉम्प्युटर अडून बसेल, म्हणून तेव्हाच्या घाईत त्यांनी एक ओळ टाकली होती: असं झालं तर तात्पुरतं शून्य धर. नंतर बघू. पण एकही जीव नाही असं पाणी आजवर कुणी आणलंच नव्हतं, त्यामुळे नंतर बघायची वेळ आली नाही. रिकाम्या चौकोनात शून्य लिहिणाऱ्यांवर ज्याने जन्मभर आगपाखड केली, त्याच्याच हातची ती ओळ. मला हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी शिवणयंत्र थांबवलं.

तोवर साहेबांनी सभा बोलावली होती. बाई म्हणतात, साहेब पडद्यापुढे काठी घेऊन उभे होते आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. "ही मोठमोठी पथकं पाहा," ते म्हणाले. "केवढी अंतरं आहेत. आणि हे सहा जण पाहा. अंतर शून्य. अख्ख्या संस्थेत इतका एकजीव गट दुसरा नाही. कधी गाजावाजा नाही, कधी तक्रार नाही. आपल्या नजरेतून ही मंडळी सुटली होती, शास्त्राच्या नजरेतून सुटली नाहीत." टाळ्या झाल्या. नदीवाले ज्या वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्यांच्या खोलीवर डोळा ठेवून होते, ती साहेबांनी तिथल्या तिथे या सहा जणांना देऊन टाकली.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी बाईंना विचारलं.

"मी काय करणार? मी मागे वळून बघत होते, बाकीचे पाच कोण ते."

बाईंचं खरं होतं. त्या सगळ्या संस्थेला आवाजावरून ओळखत होत्या, पण काचवाल्या काकांचं तोंड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्रीला वाटलं होतं, भाषांतरवाली मुलगी पाहुणी आहे. हा तो एकजीव गट. पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन जोडायचा फळा, काकांची गॅसची शेगडी, मिस्त्रीचे पाने आणि पक्कडी असं सगळं त्या उन्हाच्या खोलीत आलं, आणि सहा जण सहा भिंती असल्यासारखे सहा दिशांना तोंडं करून बसले. खोलीला चारच भिंती होत्या, तरी त्यांनी जमवलं.

साहेब दर काही दिवसांनी एकेका पथकाला तिथे एकोपा बघायला घेऊन यायचे. नदीवाले दारात उभे राहून खिडक्यांकडे बघायचे. एकदा साहेबांनी विचारलं, "तुमच्या या जवळिकीचं गुपित काय?" सगळे आपापल्या कामात डोकं घालून बसले. शेवटी काचवाले काका म्हणाले, "आम्ही एकमेकांच्या कामात पडत नाही." नदीवाल्यांपैकी दोघांनी ते लिहून घेतलं.

हे सगळं बाई मला हसत हसत सांगायच्या. घरी मात्र भावजींचं अन्नावरचं मन उडालं होतं. साहेबांना सांगायचंय, एवढाच जप.

"काय सांगणार?" मी विचारलं.

"की ते शून्य चुकीचं आहे."

"मग बरोबर काय आहे? एक?"

"एक धरलं तर आम्ही सहाही जण एकेकटे लोंबकळतो. कुणालाच फांदी नाही."

"म्हणजे सहाही जणांची नोकरी जाणार. तुमच्यासकट."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "भावजी, ते एक तरी बरोबर आहे का?"

"नाही. तेही मनाचंच. खरं काय ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही ना? मग गप्प बसा. जे तुम्हाला माहीतच नाही, ते सांगायला कशाला जाताय?"

हे त्यांच्याच शास्त्रात बसत होतं. ते मान खाली घालून आपल्या खोलीत गेले. आमच्या ह्यांना मी विचारलं, माझं काही चुकलं का? ते म्हणाले, "बँकेत असतं तर चूक कळवायलाच लागली असती." मग म्हणाले, "पण बँकेत त्याला तीन खिडक्या मिळाल्या नसत्या."

भावजी रोज सकाळी ठरवून जायचे की आज सांगतो, आणि संध्याकाळी न सांगता परत यायचे. पण हळूहळू मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. ते घरी येऊन बोलायला लागले. काकांनी आज काचेची नळी तापवून एवढा लांब धागा ओढला, वहिनी. भाषांतरवाली मुलगी एका शब्दासाठी तीन दिवस अडली होती आणि तो शब्द मिस्त्रीला माहीत होता. ग्रंथालयवाल्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते गप्प असतात, घमेंडखोर नाहीत. बाई सगळ्यांच्या आवाजाच्या नकला करतात, साहेबांचीसुद्धा. आपला माणूस इतक्या वर्षांत जेवणाच्या टेबलावर हसला नव्हता, तो हसायला लागला, आणि मला त्या चुकीच्या शून्याबद्दल माया वाटायला लागली. ते शून्य टिकावं एवढंच मला वाटत होतं. भावजींच्या नोकरीसाठी तर वाटतच होतं, पण त्याहून जास्त त्या खोलीसाठी.

आणि मग ते अंगाशी आलं, तेही भलत्याच बाजूने.

एका दुपारी बाई माझ्याकडे एक कोट घेऊन आल्या. कोट गेल्याच महिन्यात मी दुरुस्त करून दिलेला, त्याला काही झालेलं नव्हतं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "साहेबांनी आज तुमच्या भावजींना फोन केला होता. माझ्याकडून लाइन चुकून उघडी राहिली."

लाइन चुकून कशी उघडी राहते ते मी विचारलं नाही.

साहेबांना वरून माणसं कमी करायला सांगितलं होतं. शास्त्रज्ञांना हात लावायची सोय नव्हती. प्रत्येक जण आता इतक्या पथकांत होता की एकाला ओढलं तर चार पथकं हातात आली असती. तेव्हा साहेबांनी पुन्हा झाड काढलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते फोनवर म्हणाले, "तुमच्या गटात अंतर शून्य आहे. म्हणजे तुमच्यात काही फरकच नाही. सहाही जण एकसारखे. मग सहा कशाला हवेत? एक ठेवला की गट राहिला."

मला त्या साहेबांचा असा संताप आला की हातातली सुई बोटात गेली. ज्या शून्याने खोली दिली, तेच शून्य आता पाच जणांना दाराबाहेर काढत होतं.

"मग भावजी काय म्हणाले?"

"त्यांना बोलू कुठे दिलं? मग साहेबच म्हणाले, आकड्यांचं तुम्हाला कळतं, तेव्हा कुणाला ठेवायचं ते तुम्हीच सांगा. आणि आवाज खाली आणून म्हणाले, तुम्ही स्वतःचंच नाव दिलंत तरी माझी हरकत नाही. उलट सोयीचंच होईल."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. मला भीती वाटत होती की भावजी हो म्हणाले असतील, आणि त्याहून मोठी भीती ही, की मला ते आवडेल. घरातला माणूस आहे. नोकरी त्याची राहते आहे. समोर ज्या बसल्या होत्या त्यांची जाते आहे. अशा वेळी मन काय काय बोलतं, ते कुणाला ऐकू जात नाही म्हणून बरं.

"तुमचे भावजी म्हणाले," बाईंनी त्यांची हुबेहूब नक्कल केली, तोच बारीक, चाचरत बोलणारा आवाज, "साहेब, आधी एक सांगायचं राहिलंय. ते शून्य खरं नाही. माझी चूक आहे. आमच्यापैकी कुणाचंच नाव कुठल्याच कामात लिहिलेलं नव्हतं. रिकामं आणि रिकामं सारखं असतं की वेगळं, ते आकडे सांगत नाहीत. प्रोग्रॅमने मनानेच शून्य धरलं, कारण तसं मीच त्याला सांगून ठेवलं होतं."

"सांगितलं शेवटी."

"साहेब म्हणाले, म्हणजे तुमचा गट नाहीच? हे म्हणाले, सांगता येत नाही. साहेब म्हणाले, म्हणजे सहाही जण जादा? हे म्हणाले, सांगता येत नाही. साहेब चिडले. म्हणाले, ते सगळं सोडा, पडद्यावर मी काय दाखवू? एक नाव द्या. तुमचं द्या आणि मोकळे व्हा."

"मग?"

"सांगता येत नाही, म्हणाले. आणि फोन ठेवला. साहेबांचा फोन आधी कुणी ठेवत नाही हो."

बाईंनी कोट उचलला, उगीच झटकला आणि घडी घातली. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. ज्या तीन शब्दांची मी इतकी वर्षं थट्टा केली, ज्यांनी त्यांचं लग्न मोडलं, त्याच शब्दांत हा माणूस पाच जणांसाठी पाय रोवून उभा राहिला होता. तेही अशा वेळी, जेव्हा उत्तर अगदी सोपं होतं आणि त्यात फक्त स्वतःचं नाव घालायचं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि मघाशी माझ्या मनात जे आलं होतं त्याची लाज वाटली.

आता साहेबांची पंचाईत झाली. झाडाचं चित्र वरपर्यंत गेलं होतं, शून्याचं कौतुक झालं होतं, ते चुकीचं होतं असं सांगावं तर आळ साहेबांवर येणार. आणि ज्या जागी आकडा नाही, तिथे पडद्यावर काय दाखवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी त्या सहा नावांपुढे 'निर्णय प्रलंबित' असं लिहिलं आणि ते घोंगडं भिजत ठेवलं. पुढे वरूनच कपात झाली. ज्यांचा निर्णय झाला होता अशांतले बरेच गेले, सगळ्यात जास्त पथकांत नावं घातलेला एक नदीवालासुद्धा गेला. पण ज्यांचा निर्णयच झालेला नाही त्यांना काढायचं कसं, याचा नियम संस्थेत नाही. साहेब बदलले. नव्या साहेबांनी 'प्रलंबित' हे एखाद्या विभागाचं नाव असावं अशी समजूत करून घेतली आणि खोलीच्या दारावर तशी पाटी लावून दिली. गेल्या वर्षी त्या विभागाला नवं कपाट मिळालं.

फोनचं मला कळलं आहे, हे भावजींना अजून माहीत नाही. मी बोलले नाही आणि बाई बोलणार नाहीत. मात्र ज्या दिवशी बाई तो कोट घेऊन आल्या होत्या, त्या संध्याकाळी भावजी घरी आले ते थेट स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. चेहरा ओढलेला होता. उद्या नोकरी असेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाऊक आहे हेही ठाऊक नव्हतं. मी काही न विचारता चहा टाकला, कप पुढे ठेवला, आणि तोंडातून सवयीने गेलं, "साखर बरोबर आहे ना?"

भावजींनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"कमी आहे," ते म्हणाले.

मी डबा उघडायला गेले आणि तशीच थांबले. "आजच कमी पडली का?"

"नाही. रोजच कमी असते."

"रोज? पहिल्यापासून?"

"हो."

"मग भावजी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पुरेसे कप झाले नव्हते, वहिनी. आता झाले."

मी दोन चमचे साखर घातली.